गंगासागरची तेहतीस आवर्तनं

बागबाजारच्या आमच्या भाड्याच्या घरात दोन नळ होते. एक पितळी तोटीचा. त्याला दिवसातून ठरलेल्या वेळी पिण्याचं पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं, आणि त्या वेळी तुम्ही डुलकी काढलीत तर दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसायचं. दुसरा लोखंडी, अंगणातल्या सिमेंटच्या हौदावरचा. तो उघडायचा अवकाश, असा लोंढा यायचा की एकदा घरमालकीणबाईंची मांजर त्यात वाहून गेली ती थेट फोर्ट विल्यमच्या खंदकात निघाली. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मांजर परत आली तेव्हा तिच्या चालण्यात लष्करी शिस्त होती, हे मात्र पाहिलंय.

तो दुसरा नळ गंगेचा. अगदी खरोखरीचा. शहराची सोयच तशी होती. नदीचं पाणी न गाळता वेगळ्या नळांतून आणायचं आणि त्यानं रस्ते धुवायचे, मोऱ्या धुवायच्या, संडास धुवायचे. सकाळी रस्त्याच्या कडेच्या तोंडांतून हेच पाणी उसळायचं. रंग दूध घातलेल्या चहाचा. आम्ही ज्या सुरात ‘मोरीचं पाणी’ म्हणतो त्याच सुरात तिथली माणसं ‘गंगेचं पाणी’ म्हणायची आणि त्यात पायसुद्धा जपून बुडवायची.

आणि अशा घरी माझ्या सासूबाई आल्या.

बांगलादेश झाला त्याच्या पुढचा उन्हाळा. अधिक वैशाख लागलेला. सासूबाई वाईच्या, उभा जन्म कृष्णेच्या घाटावर काढलेल्या. मुलगा गंगेच्या गावी बदलून गेलाय आणि आपण अधिक महिन्यात घरी काय बसायचं, म्हणून सासऱ्यांना तिथे आमटी-भाताचं शिकवून त्या निघाल्या. दोन दिवसांच्या रेल्वेच्या प्रवासात कुणाच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. उंची माझ्या खांद्याएवढी. पण त्या स्वयंपाकघरात शिरल्या की छप्पर खाली आल्यासारखं वाटायचं.

रोज घाटावर जाऊन गंगास्नान करायचं, हा बेत. पण ते दिवस वाईट होते. गल्लीत केव्हा बाँब फुटेल, केव्हा पोलीस शिरतील, केव्हा बंद पुकारला जाईल, नेम नसायचा. आमचे हे सरकारी हिशेबतपासणीच्या कचेरीत. अर्धा महिना फिरतीवर. त्यांनी स्पष्ट सांगितलं, “आई, मी घरी असेन त्या दिवशी नेईन. एरवी घाटावर जायचं नाही.” सासूबाई फुगून बसल्या. अशा फुगल्या की खोलीत मला अंग चोरून वावरावं लागायचं.

मग एका सकाळी मी अंगण धूत असताना मालकीणबाई जिन्याखालून ओरडल्या. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. विधवा बाई, आडव्या अंगाच्या, आवाज असा की हुगळीतल्या बोटी वाट द्यायच्या. मी त्यांना माशीमा, म्हणजे मावशी म्हणायचे, त्या मला बोउमा, म्हणजे सूनबाई. त्या म्हणाल्या, “बोउमा, गंगेचं पाणी बंद कर, हौद वाहतोय!”

सासूबाई वरून धावत खाली आल्या. “काय म्हणाल्या त्या? कुणाचं पाणी?”

मी सगळं सांगितलं. न गाळलेलं आहे, घाण आहे, धुण्याचं आहे. त्यांना त्यातला एकच शब्द ऐकू आला. त्यांनी पदर सावरला आणि नळाला हात जोडले.

“अगं, भगीरथाच्या पिढ्या खपल्या तेव्हा कुठे ती खाली आली. तुझ्या दारात आपल्या पायांनी आली, आणि तू तिनं संडास धुतेस?”

त्या दिवसापासून आमच्या नळाला हळदकुंकू लागलं. तोटीवर रोज जास्वंद. देवापाशी तांब्याची कळशी त्याच पाण्यानं भरून, वर पांढरं फडकं बांधून. वाईच्या शेजारणींना न्यायला म्हणून त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा धुऊन ठेवल्या.

“आई,” मी म्हटलं, “अंघोळीला घ्या, देवाला घाला. पण पोटात नको. निदान उकळून घ्या.”

“गंगा उकळायची? देवांना कधी तव्यावर परततेस का?”

माशीमांनीही समजावलं, त्यांच्या बंगालीत. सासूबाईंनी उत्तर दिलं वाईच्या मराठीत. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो येत नव्हती; पण त्या भांडणात एकही मुद्दा सुटला नाही. शेवटी तह झाला: तीर्थाची एक पळी, बास. त्या एका पळीचाही मला घोर लागून राहिला होता.

मग अधिकातली एकादशी आली. सासूबाईंचा उपास नुसत्या पाण्यावर. हे आदल्या दिवशीच बजबजला गेलेले, तिथल्या एका तेलाच्या डेपोचे हिशेब तपासायला. जाताना म्हणाले होते, “आईकडे बघ.” मी बघत होतेच. पण दुपारी माझा डोळा लागतो हे सासूबाईंनाही माहीत होतं.

द्वादशीला सकाळी त्या स्नानाला उठल्या नाहीत. हे ऐकून वाईची माणसं हसतील, कारण सासूबाई उठल्या नाहीत तर कृष्णेवर सूर्य उगवत नसे. मी आत गेले. त्या भिंतीला धरून न्हाणीतून परत येत होत्या. गाल आत गेले होते. डोळे खोबणीत खोल. एका रात्रीत कुणीतरी आतून माणूसच काढून घेतल्यासारखं.

“काही नाही. पोट जरा...” म्हणता म्हणता त्या खाली बसल्या आणि तिथेच झालं. मी वाकून पाहिलं. तांदळाच्या धुवणासारखं पाणी. नुसतं पाणी. माझ्या आजोळी पटकीच्या साथीच्या गोष्टी सांगायचे, त्यातलं हेच वर्णन.

कळशीवरचं फडकं काढून पाहिलं. कळशी अर्धी रिकामी होती.

“आई, हे प्यायलात?”

“उपासाला पाणी चालतं,” त्या म्हणाल्या. आवाज बसलेला, घोगरा. “आणि ते पाणी नव्हे.”

मी जिन्यावरून माशीमांना हाक मारली. माझा आवाजही काही लहान नाही. त्या हाकेनं समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली ती म्हणे साठ मैलांवर वर्धमानला उतरली. माशीमा वर आल्या, सासूबाईंकडे एक नजर टाकली आणि तशाच अनवाणी गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांना आणायला गेल्या. त्या दिवशी बंद होता. ट्राम नाही, टॅक्सी नाही, लोकल नाही. ह्यांना कळवायची सोय नाही. गल्लीत इतकी शांतता की कुणी घराची कडी काढली तरी दचकायला व्हावं.

डॉक्टर तरुण होते, उंच, दाढी वाढलेले. त्यांनी सासूबाईंच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, ओल्या पापडाला पडलेल्या घडीसारखी. मग नाडी धरली आणि बराच वेळ त्यांचं बोट ती शोधत राहिलं.

“शेवटची लघवी केव्हा झाली?”

मी विचारलं. सासूबाईंनी परक्या पुरुषासमोर या विषयावर बोलायचं नाकारलं. मग माशीमांनी डॉक्टरांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं तेव्हा कळलं, काल दिवेलागणीपासून नाही.

डॉक्टर मला बाहेर घेऊन आले. “कॉलरा आहे. यांना सलाईन लागेल. माझ्याकडे एकही बाटली नाही. हॉस्पिटलात आहेत, पण आज तिथवर नेणार कशातून? फोन करून पाहिला, गाडी येत नाही म्हणतात.”

“मग?”

“मग तोंडानं. गेल्या वर्षी मी सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत होतो. तिथे बाटल्या संपल्या, माणसं संपेनात. आम्ही मीठ-साखरेचं पाणी पाजलं. ज्यांना आम्ही हिशेबातून वजा केलं होतं ती उठून बसली.”

“पण डॉक्टर, आमच्याकडे तर जुलाब लागले की पाणी तोडतात. पोटाला विश्रांती म्हणून.”

“त्यानंच मरतात,” ते म्हणाले. “जुलाबानं नाही मरत माणूस. सुकून मरतो.”

मग त्यांनी सांगितलं ते मी आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तर म्हणून दाखवीन. खळखळ उकळून निवलेलं पाणी, मोठा तांब्याभर, लिटरभराचा. त्यात साखर सहा चहाचे चमचे सपाट. मीठ अर्धा चमचा, तोही सपाट; बोटानं पुसून घ्यायचा. “आणि पाजण्याआधी स्वतः चाखायचं. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट, त्याहून जास्त नाही. जास्त झालं तर ओतून द्यायचं, साखर घालून सारवासारव करायची नाही. पेल्यानं पाजू नका, उलटून पडेल. चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर थोडं थांबा, पुन्हा सुरू. जेवढं बाहेर जातंय त्याहून जास्त आत गेलं पाहिजे.”

“कुठवर?”

“लघवी होईपर्यंत. झाली तर समजा आतलं यंत्र चालू आहे. दिवेलागणीपर्यंत नाही झाली, तर बंद असो की गोळीबार, मी चार माणसं आणतो आणि खाटेवरून उचलून नेतो. पण तितक्या वेळात...” त्यांनी पिशवी उचलली. “हात साबणानं धुवा, प्रत्येक वेळी. भांड्यात ब्लीचिंग पावडर. माशी बसू देऊ नका. मला आणखी दोन घरी जायचंय.”

मी पाणी उकळलं. रेशनची साखर, डब्याच्या तळाची मुंग्यांसकट. मुंग्या वेचून काढल्या. चाखलं. पेला आणि चमचा घेऊन आत गेले.

सासूबाईंनी ओठ मिटले.

“आई, औषध आहे.”

“पाणी उकळलंस ना? वास आला मला. मेलेलं पाणी मी घ्यायची नाही.” मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा ओला आणि गार, बोटं खूप वेळ पाण्यात बुडवल्यासारखी सुरकुतलेली. आणि चेहऱ्यावर काय असावं? आनंद!

“सूनबाई, बघ तरी. अधिक महिना. द्वादशी. गंगातीर. कपाळाला कुंकू. अगं, ऋषिमुनींना जमत नाही असा योग आहे. पुन्हा यायचा नाही. तू फक्त त्या कळशीतली गंगा तोंडात घाल आणि ती हिरवी इरकल काढून ठेव.”

आजाराशी भांडता येतं, हट्टाशी भांडता येतं. पण इथे बाई मरणाकडे अशी बघत होती जशी माहेराहून बोलावणं आलंय आणि सून मेली गाडी चुकवायला निघालीये. मी कळशी उचलून बाहेर नेली. त्यांनी दात आवळून धरले. मी रडले, पाया पडले, ह्यांची शपथ घातली. दात उघडेनात. मधेच त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, त्या कळवळल्या. पुन्हा ते पांढरं पाणी गेलं. आणि मला दिसत होतं की प्रत्येक खेपेला डोळे आणखी थोडे आत जातायत.

आता माझी एक विद्या आहे. लहानपणापासून मी कधीही एका श्वासात खरं बोललेली नाही. आई म्हणायची, या कारटीचं कसं व्हायचं. त्या सकाळी तीच विद्या कामी आली. मी डोळे पुसले आणि म्हटलं, “गंगाच द्यायची आई, तर ही मोरीतली कशाला? माशीमांच्या देवघरात गंगासागरचं पाणी आहे.”

दात किंचित सुटले. “गंगासागर?”

“संक्रांतीच्या स्नानाला गेलेल्या. जिथे गंगा सागराला मिळते तिथलं. कुणाला देत नाहीत. पण तुमच्यासाठी...”

मी माशीमांकडे पाहिलं. त्यांना मराठी कळत नव्हतं. पण ‘गंगासागर’ कळलं, आणि माझा डोळा कळला. त्या बाईनं आयुष्यात रंगभूमीवर पाऊल टाकलं नाही हे बंगालचं नुकसान. त्यांनी छातीवर हात ठेवला, हे द्यायला जीव तुटतोय असा चेहरा केला, खाली गेल्या. मी मागोमाग गेले; त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी त्यांचा तांब्याचा लोटा उकळत्या पाण्यानं विसळला, त्यात माझं पाणी ओतलं, वर लाल रेशमी फडकं बांधलं. माशीमा तो डोक्यावर घेऊन आत आल्या, बंगाली बायका मंगलकार्यात करतात तसं तोंडानं ‘उलू उलू’ करत.

“पण याचा विधी आहे, आई,” मी म्हटलं.

“कसला?”

“अधिक महिन्यात गंगासागर घटाघटा प्यायचं नसतं. आचमनानं घ्यायचं. तेहतीस आचमनांचं एक आवर्तन. अशी तेहतीस आवर्तनं.” अधिकात वाण द्यायचं ते तेहतिसाचं, अनारसे तेहतीस, दिवे तेहतीस; तो आकडा सासूबाईंच्या रक्तातच होता.

“मी नाही ऐकलं कधी.”

“वाईला कुठे गंगासागर आहे ऐकायला?”

त्या विचारात पडल्या. “आणि अर्धवट राहिलं तर?”

मला एखादा भयंकर नरक सुचेना. मी म्हटलं, “तर अधिक महिनाच धरला जात नाही. सगळा फुकट.”

नरक परवडला असता. हे त्यांना परवडेना. त्यांनी तोंड उघडलं. मी देवाची पळी लोट्यात बुडवली. “केशवाय नमः.”

“खारट आहे,” त्या म्हणाल्या.

“सागर आहे ना.”

“गोड पण लागतंय.”

“गंगा आहे ना.”

“कोमट आहे गं.”

“वैशाख आहे ना, आई!”

पहिलं आवर्तन होत आलं आणि सगळं उलटून पडलं, माझ्या अंगावर. सासूबाई मान टाकून म्हणाल्या, “बघ. घेत नाही ती मला.”

“उलटलेली आचमनं धरायची नसतात,” मी म्हटलं. “पुन्हा पहिल्यापासून.” थोडं थांबले, हात धुतले, पातळ बदललं आणि पुन्हा पळी बुडवली.

अशी सकाळ गेली. मी पाजायची, माशीमा खाली सतत पाणी उकळायच्या, निववायच्या, आणून द्यायच्या. लोटा संपायचा आणि दाराआड भरून यायचा. मी मोजताना जरा घाई केली तर सासूबाई बोटांच्या पेरांवरून अंगठा सरकवत म्हणायच्या, “सत्तावीस झाली. अठ्ठावीस म्हणालीस. देवाला फसवतेस?” मला इतका आनंद व्हायचा की मी मुद्दाम चुकायला लागले. चूक पकडली की समजायचं, बाई अजून इथेच आहे.

दुपारी डॉक्टर आले. दारात उभे राहून त्यांनी लोटा पाहिला, रेशमी फडकं पाहिलं, ‘केशवाय नमः’ ऐकलं. मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं.

“किती पळ्या होतात एकूण?”

“तेहतीस तेहतीसदा.”

त्यांनी मनात गुणाकार केला. पळी हातात घेऊन तिच्यात किती मावतं ते पाहिलं. “मी देव मानत नाही,” ते म्हणाले. “पण हे गणित ज्यानं केलं त्याला वैद्यक येत होतं.”

“मीच केलं.”

“मग तुम्ही थांबू नका.” आत जाऊन त्यांनी नाडी पाहिली. बाहेर आले तेव्हा हसू गेलेलं होतं. “अजून बारीक आहे. लघवी?”

“नाही.”

“दिवेलागणीला येतो. माणसं घेऊन.”

त्यानंतरचा वेळ मला नीट सांगता येत नाही, आणि मला काहीही सांगता येतं. ऊन भिंतीवरून उतरत होतं. पंखा होता पण वीज नव्हती. गल्लीच्या पलीकडे कुठेतरी एक स्फोट झाला, मग पळणारी पावलं, मग पुन्हा काही नाही. सासूबाईंनी मोजणं थांबवलं. मी चौतीस म्हटलं, पस्तीस म्हटलं, एकोणचाळीस म्हटलं. अंगठा पेरावरून हलला नाही. पळी लावली तर पाणी ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं.

“आई. चूक झाली माझी. धरा ना चूक.”

बऱ्याच वेळानं त्यांचे ओठ हलले. “पुरे आता. मला खाली घे.”

खाली घे म्हणजे काय ते आपल्याकडे पोराला कळतं. जमीन सारवायची, दर्भ पसरायचा, माणसाला गादीवरून भुईवर घ्यायचं. मी त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि खाली घ्यायच्या ऐवजी वर उचललं, माझ्या छातीला टेकवून बसवलं. त्यांचं वजन काही उरलंच नव्हतं. “आवर्तन पुरं नाही झालेलं,” मी म्हटलं. माझ्याकडे दुसरं खोटं शिल्लक नव्हतं. “नंतर घेते खाली. आधी हे पुरं करा. तोंड उघडा.”

त्यांनी उघडलं नाही. मी खालचा ओठ अंगठ्यानं ओढून गालाच्या आत थेंब थेंब सोडायला लागले. एक घोट गेला. घशाची हालचाल दिसली. दुसरा गेला.

माशीमा नवा लोटा घेऊन आल्या. मी सवयीनं चाखला आणि थुंकला. नुसतं मीठ! घाबरलेल्या बाईनं दोनदा घातलेलं. “माशीमा, हे काय!” मी ओरडले. त्या रडायला लागल्या, “आणखी साखर घालू, बोउमा?” नाही. डॉक्टर काय म्हणाले होते? ओतून द्या. मी तो अख्खा लोटा मोरीत ओतला, घरातली शेवटची साखर त्यात होती तरी. माशीमा पदर खोचून समोरच्या घरी गेल्या आणि साखर घेऊन आल्या. कुणाच्या दारात रडल्या, कुणाला दम दिला, माहीत नाही. तोवर मी आधीच्या लोट्याच्या तळाचं पाजत राहिले. गालात थेंब. घोट. पुन्हा थेंब. मोजायचं मी सोडलं नाही, मोठ्यानं मोजत राहिले, कारण खोलीत काहीतरी आवाज पाहिजे होता.

केव्हातरी, ऊन खिडकीच्या गजांवर आलं तेव्हा, माझ्या छातीपाशी पुटपुटणं ऐकू आलं.

“एकोणीस.”

“काय, आई?”

“एकोणीस झाली. तू वीस म्हणालीस.”

मी पळी पुढे केली. त्यांनी स्वतः तोंड उघडलं.

पण लघवी नव्हती. दोनदा भांडं दिलं, दोनदा कोरडं. नाडी बघायला मला येत नव्हतं. मी मनगट धरून बसायची आणि मला माझीच धडधड लागायची. सूर्य गेला. जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर, आणि त्यांच्यामागे गल्लीतली चार माणसं, खांद्याला पंचे, डोक्यावर उलटी धरलेली खाट.

सासूबाईंनी डोळे उघडून ती मिरवणूक पाहिली. चार माणसं, खांद्याला पंचे. पाहणाऱ्यानं दुसरं काय समजायचं?

“आले न्यायला?” त्या म्हणाल्या. मग कपाळाला आठी पडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ती आठी सुंदर वाटली. “थांबायला सांग त्यांना. आवर्तनं व्हायचीत.”

डॉक्टर पुढे झाले. “बाई, आता वेळ घालवून चालणार नाही. उचलायला हवं. झाली का?”

“काय म्हणतायत हे?” सासूबाईंनी मला विचारलं.

“आई, ते... लघवी.”

“अगं बाई! चारचौघांत! पुरुषांच्या देखत!” सासूबाईंनी पदर ओढून घेतला. संतापानं त्यांच्या गालावर जे आलं ते जवळजवळ रंग म्हणावा असं होतं. “घालव त्यांना बाहेर. सगळ्यांना.”

मी घालवलं. दार लावलं. सासूबाई भिंतीकडे बघत, माझ्या कानाशी, शत्रूलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, “भांडं दे.”

मी ते एनॅमलचं भांडं कंदिलाशी धरलं. फार नव्हतं. गडद, कोऱ्या चहासारखं, तळ झाकेल इतकंच. पण ते पांढरं धुवण नव्हतं. मी दार उघडलं, भांडं तसंच दोन्ही हातांत धरून डॉक्टरांसमोर उभी राहिले. त्यांनी वाकून पाहिलं. चारही माणसांनी माना घालून पाहिलं. कुठल्या पदकाकडे कुणी इतक्या आदरानं पाहिलं नसेल.

“खाट खाली ठेवा,” डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच त्या खाटेवर बसले. मग म्हणाले, “पाजणं थांबवायचं नाही हं. रात्रभर चालू. उद्या रस्ते उघडले की नेऊन दाखवू.”

माशीमा तोवर खाली पोचल्या होत्या. त्यांनी देवघरातला शंख घेतला आणि फुंकला, असा फुंकला की समोरच्या घरातून उत्तर आलं, त्याच्या पलीकडच्या घरातून आलं, गल्लीतून, मागच्या गल्लीतून, घाटापर्यंत घराघरांतून शंख वाजत गेले. माझ्या सासूबाईंना लघवी झाली म्हणून सगळ्या बागबाजारनं त्या संध्याकाळी शंख फुंकले. तिथे दिवेलागणीला रोजच फुंकतात, हे मला सांगायला येऊ नका. मी तिथे बरीच वर्षं राहिलेय.

मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभी होते. आतून हाक आली, घोगरी, पण हाक.

“सूनबाई, कितवं आवर्तन होतं?”

मला खरंच आठवत नव्हतं. “विसावं,” मी ठोकून दिलं.

“एकोणिसावं,” त्या म्हणाल्या. “ये. शंख काय ऐकत बसलीस? तोंड उघडून वाट बघतेय मी.”